पुलाचं रिकामं टोक

चिरंजीव धाकट्यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. मोठी बहीण म्हणजे कोण, हे आठवायला तुला थोडा वेळ देते. मागचं पत्र तू माझ्या शेजाऱ्याच्या नावावर टाकलंस आणि त्यात माझ्या गुडघ्यांऐवजी दातांची चौकशी केलीस. (दात उरलेत कुठे, दुखायला.) तुझा दमा कसा आहे? विसरभोळेपणा ठणठणीत दिसतोय. पत्र सून लिहितेय. ती शाळेत शिकवते, त्यामुळे मी बोलते त्यातलं निम्मं तिला अशुद्ध वाटतं; पण एक शब्द गाळायचा नाही, अशी अट घातली आहे.

तर झालंय असं. इथल्या पोलीस ठाण्यात नव्या साहेबीणबाई आल्यात. निवृत्त होऊन मग वारलेल्या पोलिसांची वर्षातून एकदा आठवण काढायची, असं त्यांनी ठरवलंय. येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एकेकाचं नाव घेणार आणि नावापुढे त्याच्या नोकरीतली एक गोष्ट सांगणार. ती गोष्ट घरच्यांनी कळवायची. म्हणजे तुझे भावोजी सहा वर्षांपूर्वी सुटले आणि परीक्षा आता मला. एकतीस वर्षं मी ह्यांना जेवताना विचारत आले, आज काय झालं? एकतीस वर्षं उत्तर एकच: काही नाही, मीठ दे. आता भरल्या सभागृहात मिठाची गोष्ट कशी सांगणार? आणि काहीच कळवलं नाही, तर नुसतं नाव आणि बिल्ल्याचा नंबर वाचतील. एवढ्या नोकरीचा एवढाच हिशेब मला बघवायचा नाही.

म्हणून मी तपासाला निघाले. (सून म्हणते तपास नव्हे, भोचकपणा. लिही, तेही लिही.) ठाण्याच्या दाराशी लांब बाक आहे. निवृत्त मंडळी तिथे पेपर घेऊन बसतात आणि आपलं नाव यादीत नाही ना, याची खात्री करून घेतात. जीप चालवणाऱ्याने सांगितलं, तुमचे हे एकदा चोरामागे अडीच मैल धावले. बोटांचे ठसे घेणारा म्हणाला, धावत चोर होता, हे सायकलवर होते. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली, आणि शेवटी निघालं असं की सायकलही चोराचीच होती. असली गोष्ट साहेबीणबाईंना कशी कळवू?

मग आत कारकुनाकडे गेले. त्याने दोरीने बांधलेली ह्यांची फाइल काढली, चार वेळा शिंकला आणि वाचून दाखवलं. एकतीस वर्षांत शेरा एकच. नवा पूल खुला झाला त्या दिवशी दुपारी बारा ते दोन, अलीकडच्या टोकावरून न सांगता गैरहजर. कारण विचारता सांगितलं नाही. तीन वर्षं बढती बंद. पलीकडच्या टोकावर नवा शिपाई, म्हणजे तू, हजर.

झाली का पंचाईत! बढती अडली ती ह्यांच्या फटकळ तोंडामुळे, असं मी धरून चालले होते, आणि ती तीन वर्षं उठताबसता त्यांना ऐकवत होते. मग दोन तास हा माणूस गेला कुठे? जीपवाला म्हणाला, झोपले असतील. ठसेवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, माणूस गेला." त्या 'जाऊ द्या'मध्ये मला एक बाई दिसली, चांगली उंच आणि गोरी. खोटं कशाला बोलू, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला तिचा हेवा वाटला. तू तिथेच होतास. काय ते कळव.

तुझी बहीण
(अंगठा लावलाय. पत्रावर लावत नाहीत म्हणे, पण तू पोलिसात होतास, ओळखशील.)

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं. मला अक्षर येत नाही, म्हणून मी तारखा नाही, दिवस लक्षात ठेवते. तो पूल खुला होताना मला बघायचा होता आणि बघता आला नाही, कारण भर बाराला तू गणवेशात माझ्या दारात उभा. रजा आहे म्हणालास. जेवलास, आणि बुटांसकट दोन वाजेपर्यंत खाटेवर घोरलास. पुलाचं डांबर त्या चादरीवरून कधी निघालं नाही. म्हणजे रिकामं टोक तुझं होतं, आणि पलीकडच्या टोकावर उभ्या असलेल्या ह्यांनी ते आपलं म्हणून सांगितलं. तुला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. काढून टाकलं असतं. आणि नोकरी लावा म्हणून त्यांच्या मागे लागले होते मीच.

आणखी एक. उत्तर धाडू नकोस, स्वतः ये. ह्यांचं नाव घेतलं की उभा राहा आणि ही गोष्ट तुझ्या तोंडाने सांग. मी तुझ्यावर रागावलेली नाही; जिच्यावर रागावलेय ती हे पत्र सांगतेय. बुधवारच्या गाडीने केळ्यांचे दोन मोठे घड पुढे पाठव. तू बोलून खाली बसलास की बाकावरची मंडळी प्रश्न विचारायला येतील, तेव्हा त्यांची तोंडं भरलेली असलेली बरी.