मानेमागचा कॅमेरा

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! खोली झकास आहे, खिडकी मोठी, नळाला चक्क गरम पाणी. स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम. आत लाकडी जमिनीचं नाचघर उभारलंय, तीन भिंतींना आरसे, कॅमेरा चालू असताना त्यांवर पडदे ओढणार म्हणे. पाय ठेवल्याबरोबर फळ्या कुरकुरल्या आणि मला एकदम आपलं वाटलं.

सिनेमा नाचणाऱ्या एका मुलीचा. तिला सारखं वाटतं, कुणीतरी आपल्या मागे आहे. चेहरा बाईसाहेबांचा, म्हणजे हिरोइनचा. मान, पाठ आणि पाय माझे. मी तिची डबल! आयुष्यभर मागच्या रांगेत नाचले, आता निदान मान तरी पुढे आली. आई टीव्हीला बोट टेकवून विचारायची, यातली तू कुठली गं? या वेळी तिला सांगून टाकलंय, शेवटचा शॉट बघ. शेवटची गिरकी बाईसाहेबांना काही केल्या जमत नाही, म्हणून त्यात माझाच चेहरा दिसणार. क्षणभरच, पण दिसणार. दिग्दर्शकाने तसं कबूल केलंय. आईचा आनंद फोनमधून ओसंडत होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दिग्दर्शक महाखडूस. नमस्कार केला तर म्हणाला, मान सरळ ठेव.

सगळ्यांना बसवून त्याने समजावलं की या सिनेमात कॅमेरा म्हणजे यंत्र नाही, तो 'तो' आहे. मुलीच्या मागे लागलेला. तो समोर कधीच यायचा नाही, कायम तिच्या मानेपासून हातभर अंतरावर. संगीत अजिबात नाही. तिचा श्वास, सांध्यांचा कटकट आवाज आणि मागची पावलं, एवढंच ऐकवायचं. जे दाखवायचं नाही ते कानात घातलं, की बघणारा खुर्चीत बसल्या बसल्या मागे वळून बघतो म्हणे. माझ्याही अंगावर काटा आला. हुशार आहे मेला.

मग 'त्या'चीच तालीम. कॅमेरामन लोकरीचे मोजे घालून माझ्यामागे चालतो. मी त्याचं नाव मोजेवाला ठेवलंय. 'त्या'ला स्वतःची चाल हवी म्हणून दिग्दर्शकाने त्याला डावा पाय ओढायला लावला. श्वास दिला आवाजवाल्याने, आमच्या कानसेनने: नाकातून, शेवटी बारीक शिट्टी. तो श्वास नंतर चित्रावर जोडणार आहेत. एक पाऊल, एक फरफट, शिट्टी. दिवसभर तेच. मला नियम एकच, मागे बघायचं नाही. चुकून एकदा बघितलं तर सगळ्यांदेखत माझी अशी बिनपाण्याने हजामत झाली की बाईसाहेबसुद्धा खुदकन हसल्या. हसा, हसा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

इथे माणसं आहेत की दगड! बाईसाहेब मला 'मान' म्हणतात. ए मान, उजेडातून बाजूला हो. जेवायला माझ्या टेबलावर कुणी बसत नाही, सगळे माझ्या पाठीमागे बसतात. आज गुडघा सुजला, तर दिग्दर्शक म्हणाला, कुरकुरतोय ना, मग माइक तिथे लावा.

दुपारी कानसेनने शॉट थांबवला. माइक माझ्या वेणीत असतो. तो म्हणाला, यावर दोन श्वास येताहेत, एक हिचा, एक अगदी मानेला लागून. मोजेवाला भडकला. कॅमेरा हलू नये म्हणून तो शॉटभर श्वास रोखून धरतो, आणि ते खरं आहे. कानसेन स्वतः तर काचेपलीकडे होता. दिग्दर्शकाने हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, ठेवा हा. यापुढे वेगळा श्वास जोडायचा नाही.

मला ऐकवा म्हटलं तर कुणी ऐकवला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मोजेवाल्याची कंबर धरली, तो आलाच नाही. कॅमेरा लांब कोपऱ्यात स्टँडवर उभा केला. नाचघरात मी एकटी.

आणि मागे पाऊल. फरफट.

मी बघितलं नाही. नियम म्हणून नव्हे, हिंमतच झाली नाही. नंतर मॉनिटर पाहिला. स्टँडवरून अख्खं नाचघर दिसायला हवं होतं. दिसत होती फक्त माझी मान. हातभर अंतरावरून, हलकीशी डुलत.

दिग्दर्शक म्हणाला, सुंदर. कानसेनने हेडफोन काढून ठेवला आणि सरळ घरी निघाला. दाराशी मला म्हणाला, तूही चल. कशी जाऊ? शेवटची गिरकी शुक्रवारी आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

खोलीच्या जिन्यावर — पाऊल, फरफट. मी थांबले की थांबतं.

दिग्दर्शकाचेच चाळे असणार, मी घाबरलेली राहावी म्हणून. जाऊन तोंडावर भांडले. तो म्हणाला, तुझ्यामागे फिरायला इथे कुणाला वेळ आहे? बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

बॅग भरली. तेवढ्यात आईचा फोन. मावशीला, मामीला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना सांगून बसलीय.

बॅग उपसली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वळले! गिरकी काय सुरेख बसली. सरळ कॅमेऱ्यात बघितलं, हसलेसुद्धा, आईसाठी. दिग्दर्शक किंचाळला, वळली का नाहीस?

पुन्हा. पुन्हा. मॉनिटरवर वेणी. दर वेळी वेणी. अहो, वळतेय मी, तुमच्याकडेच बघतेय, मी सांगतेय आणि तो शिव्या घालतोय —

मेकअपवाली आली. म्हणाली, पाठ करून काय उभी राहिलीस, चेहरा पुसू दे.

माझ्या नाकासमोर उभी होती ती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आरशात वेणी. मान. कशीही उभी राहा —

हाताला सगळं लागतं. नाक, ओठ, पापण्या. आरशात नाही.

दाराला आतून कडी आहे. फरफट आतून येतेय.

संध्याकाळ

आईचा व्हिडिओ कॉल. फोन समोर टेकवलाय. ती म्हणते, इकडे तोंड कर की गं, रुसलीस का? आई, मी तुझ्याकडेच बघतेय. ओरडले. तिला नुसता श्वास ऐकू येतोय म्हणे. म्हणून हे मोठ्या अक्षरांत लिहितेय, पान फोनसमोर धरेन —

मागे शिट्टी.

आई हसली. म्हणाली, हां, आता दिसलीस! किती गोड दिसतेस गं. मावशीला हाक मारतेय, ये, बघ ये —

मी जागची हललेले नाही.

आई विचारतेय, लंगडतेस का, पायाला लागलं का —

घरी कधी येतेस विचारतेय. उत्तर माझ्या मागून आलं. माझ्या आवाजात. उद्याच येते —

आई ती मी नाही दार उघडू नकोस आई ती मी ना