भिंतीची कावीळ

रत्नागिरी,
६ जुलै

तीर्थस्वरूप भास्करकाकांना,

तुमच्या पुतणीचा, सुनेत्राचा, साबणाने हात धुऊन केलेला वाकून नमस्कार. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, असं कळलं. थेंब वेळेवर घालता ना? डोळ्याला पाणी लावू नका, वाकू नका, जड उचलू नका आणि रागावू नका. शेवटची सूचना डॉक्टरांची नाही, माझी आहे, कारण पुढे जे लिहिलं आहे ते राग येण्यासारखं आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही ऐकत नाही, बोलता. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय डोळ्याची पट्टी निघेपर्यंत तुम्हाला वाचायला मनाई आहे, म्हणजे हे पत्र उर्वी मोठ्याने वाचणार, आणि नातीसमोर तुम्ही वाईट बोलत नाही हे मला माहीत आहे. (उर्वी, बाळा, सावकाश वाच. आजोबा "पुरे" म्हणाले तर त्यांना घोटभर पाणी दे आणि पुढे वाच.)

आता गावाकडची खुशाली. काकू पिवळी आहे. तुमचा यज्ञेश पिवळा आहे. सखाराम पिवळा आहे आणि काम सोडून बागेतल्या खोपटात, मांगरात पडून आहे. वाडीत एकूण अकरा माणसं पिवळी आहेत, पाहुण्यांपैकी दाभोळची चार. बाकी सर्व ठीक. तुम्ही ऑपरेशनसाठी डोंबिवलीला निघालात त्या सकाळी काकूने तुम्हाला विचारलं होतं, मी पिवळी दिसते का हो? तुम्ही तिच्याकडे निरखून बघितलंत आणि म्हणालात, काही नाही, नेहमीसारखीच दिसतेस. काका, मी आमच्या इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. पिकलेल्या मोतीबिंदूला सगळं जगच पिवळट दिसतं. तुमच्या हिशेबाने काकू गेली चार वर्षं कावीळ झालेलीच होती. पण घरात तुमचा शब्द शेवटचा, म्हणून ती बिचारी आणखी तीन दिवस विहिरीवर धुणं धूत राहिली.

विहीर म्हटल्यावर खड्ड्याकडे यावंच लागतं. शिमग्यानंतर तुम्ही नवा संडास बांधलात. चांगलं केलंत, काकूचे गुडघे दुखतात. पण त्याचा शोषखड्डा कुठे असावा हे तुम्ही डोंबिवलीच्या वास्तुतज्ज्ञाला विचारलंत, ज्याने आपलं घर बघितलेलं नाही, विहीर बघितलेली नाही, आणि बोलण्यावरून कोकणही बघितलेलं नसावं. तो म्हणाला वायव्येला. आपली वायव्य म्हणजे विहिरीच्या वरचा उतार. सखारामने तेव्हाच डोकं खाजवत सांगितलं होतं, की पाणी खाली येईल. त्यावर तुम्ही त्याला जे ऐकवलंत ते वाडीत अजून सांगतात: "अरे, जांभा म्हणजे दगड. दगडातून पाणी जातं काय?" काका, जांभ्याला भोकं असतात. दगडातून पाणी जात नसेल तर आपल्या विहिरीत ते गेली साठ वर्षं येतंय कुठून? हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही, मीसुद्धा नाही. मी तेव्हा तिथेच बसून फणसाचे गरे खात होते. माझा राग वाटताना हा वाटा मी माझ्याकडे ठेवला आहे.

मग मे महिना आला, मुंबईची बावीस माणसं आली, नव्या संडासाचं कौतुक झालं (त्यातल्या कोणाच्या पोटात काय होतं देव जाणे, माणूस आजारी दिसायच्या आधीपासूनच कावीळ वाटत फिरतो), वळवाचे दोन दणदणीत पाऊस झाले, आणि सत्तावीस तारखेला आपण भार्गवीचं डोहाळजेवण केलं. काकूने साठ माणसांचं पन्हं केलं. कैऱ्या उकडलेल्या, गूळ चांगला, वेलची हवी तेवढी, आणि पाणी विहिरीतून ताजं ताजं शेंदलेलं. भार्गवीला तुमची सून म्हणून मानाचा पेला दिला, पण तिला डोहाळेच उलटे. आंबटाचा वासही नको. तिने तो तसाच माझ्या हातात ठेवला, आणि मी तो सखारामला दिला. त्याचे आधीच दोन झाले होते. परवा मांगराच्या दारात उभी राहून मी त्याला कसं वाटतं विचारलं, तर म्हणाला, "बाय, पन्ह्याला मात्र नाव ठेवू नका. लय झ्याक होता." एवढी निष्ठा मी माणसात पाहिलेली नाही.

जूनच्या शेवटी माणसं पटापट पिवळी पडायला लागली तेव्हा उपकेंद्राची आरोग्यसेविका दीपाली वही घेऊन घरोघर फिरली. प्रत्येकाला एकच प्रश्न: डोहाळजेवणाला चहा घेतलात की पन्हं? माणसांना वाटलं, सरकारने आता पाहुणचाराची चौकशी लावली. ज्यांनी चहा घेतला होता त्यांनीही काकूला वाईट वाटू नये म्हणून पन्हं सांगितलं. दीपालीला पुन्हा एक फेरी मारावी लागली. शेवटी जे उरलं ते असं: पाहुण्यांपैकी ज्यांनी नुसता चहा घेतला ते ठणठणीत, आणि आडवे झालेले एकजात पन्ह्याचे. काकू तेव्हापासून दीपालीशी बोलत नाही. आजाराने ती जेवढी खचली नाही तेवढी या वहीने खचली. मी तिला किती समजावलं, की दोष पन्ह्याचा नाही, तुझ्या हाताचा नाही, पाण्याचा आहे आणि पाण्याचा दोष खड्ड्याचा आहे. ती म्हणाली, खड्डा तर ह्यांनी खणला. मी म्हटलं, तेच तर.

आता तुमचा नेहमीचा मुद्दा, जो तुम्ही फोनवर तीनदा सांगितलात: मीही त्याच विहिरीचं पाणी प्यायलो, मला का नाही झाली? दीपालीलाही हेच कोडं पडलं होतं. घरात चार माणसं, दोन पिवळी, दोन नाहीत. न झालेली दोन म्हणजे तुम्ही आणि भार्गवी. सासरा आणि सून यांच्यात असं काय सारखं आहे, हे शोधायला तिला अर्धा दिवस लागला. काका, तुम्ही गेली पंचवीस वर्षं कफासाठी सुंठ घालून उकळलेलं पाणी पिता, आणि कफाच्याच भीतीने त्या दिवशी पन्ह्याऐवजी चहा घेतलात. दुसऱ्या कोणी पाणी उकळायचं म्हटलं की तुम्ही म्हणता, विहिरीचं पाणी अमृत आहे, उकळतात ते आजाऱ्याला. आणि भार्गवी, जिला डॉक्टरांनी उकळलेलंच प्यायला सांगितलं होतं आणि तुमच्या धाकाने जिला स्वयंपाकघरात तसं म्हणता येत नव्हतं, ती सून रोज तुमच्या तपेल्यातलं पाणी चोरून पीत होती आणि तुम्हाला कळू नये म्हणून वर तेवढं ओतून पुन्हा उकळी आणत होती. तुम्ही मध्यंतरी म्हणायचात ना, सुंठीला हल्ली चव राहिली नाही? ती यामुळे. (तुम्ही दोघे वाचलात ते सुंठीमुळे नाही. उकळल्यामुळे. उर्वी, ही दोन वाक्यं पुन्हा एकदा वाच.)

पण तुम्ही डोंबिवलीला गेलात आणि तपेलं पालथं पडलं. भार्गवी चार दिवस कच्चं पाणी प्यायली. इथून पुढे माझ्या पत्रातली गंमत जरा कमी होईल. साधारण माणसाची ही कावीळ विश्रांतीने आपली आपण उतरते, म्हणून तर उतरवणाऱ्यांचं फावतं. पण पाण्यातून येणारी एक कावीळ अशी आहे, की ती शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला गाठली तर बाई आणि बाळ दोन्ही जाऊ शकतात. भार्गवीला आठवा सरत आला आहे. तपासणीत इथे तीच निघाली आहे. हे दीपालीने यज्ञेशला सांगितलं, यज्ञेशने तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही डोळ्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत हुकूम सोडलात: हरिश्चंद्राला बोलवा, सगळ्यांना माळ घाला, आणि भार्गवीला आधीच घालून ठेवा.

आधीच. काका, मी रागात असतानासुद्धा या शब्दाला दाद दिली.

मी शनिवारी शाळेतले माझे तास संपवून वाडीत पोचले तेव्हा हरिश्चंद्र ओटीवर बसला होता. (नाव ठेवताना त्याच्या आईवडिलांनी घाई केली.) तो आधी मनगटावर ब्लेडने बारीक चीर देतो. सकाळपासून सात जणांना दिली होती, ब्लेड एकच. रक्तातून जाणारी कावीळ वेगळी असते आणि ती आयुष्यभर चिकटू शकते, हे मी त्याला सांगितलं. म्हणजे एक उतरवायची आणि दुसरी चढवून ठेवायची, धंदा कधी बंद पडायला नको. मग तो हाताला कसल्याशा सालीचा रस चोळतो आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो. पाणी पिवळंधमक होतं, म्हणे कावीळ निघाली. मी माझ्याबरोबर आलेल्या दीपालीचे हात पुढे केले, पाणी पिवळं. माझे केले, पिवळं. मग मी म्हटलं, आता तुझे. तो जरा थांबला, चोळलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, रोज काविळीत हात घालतो, थोडी मलापण आसंल." यज्ञेशने मान डोलावली. यज्ञेश कृषी पदवीधर आहे, याची मी त्याला नंतर एकांतात आठवण करून दिली.

माळेचं तर विचारूच नका. काड्यांची ती माळ डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात, ती लांबत लांबत गळ्यात, छातीवर, पायापर्यंत आली की कावीळ उतरली. काड्या सुकतात, फास सैल होतात, माळ लांबते. त्यात कावीळ कुठेही नाही. त्याने काकूसाठी आणलेली एक माळ मी उचलून घरी नेली आणि खुंटीला अडकवली. चार दिवसांत वीतभर उतरली. आमच्या भिंतीची प्रकृती आता उत्तम आहे. (माळ दिवसाला किती वाढते हे मला फार आधीपासून माहीत आहे. कसं, ते आत्ता विचारू नका.)

भार्गवीच्या डोक्यावर त्याने माळ ठेवली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी ती माळ काढली, तिच्या चार साड्या पिशवीत भरल्या आणि तिला रिक्षात घातलं. भाट्याच्या पुलावर ती म्हणाली, "ताई, मामंजी रागावतील." मी म्हटलं, रागावू देत, रागाने कावीळ होत नाही.

तुमचे इतके उपकार माझ्यावर असताना हे सगळं लिहिणं मला सोपं गेलं, असं समजू नका. प्रकृतीला जपा.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. १: पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. भार्गवी बाळंतपण होईपर्यंत माझ्याकडेच राहील. काकू गावभर सांगते आहे की मी सून पळवली. तुम्ही आज यज्ञेशला फोन करून तुमच्या त्या आवाजात तीन गोष्टी सांगा: खड्डा बुजवून विहिरीच्या खालच्या अंगाला खणायचा, दीपाली देईल ती पावडर विहिरीत वेळच्या वेळी टाकायची, आणि तुमचं तपेलं रोज सगळ्यांसाठी चढवायचं. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं चुकीचं असलं तरी ऐकतात, मग एकदा बरोबर सांगून बघा.

ता. क. २: उर्वी, रक्तातल्या काविळीची लस तुझी पूर्ण झाली आहे का, आईला विचार. आता इथे थांब. पुढचा कागद वाचू नकोस, घडी घालून आजोबांच्या उशाशी ठेव. पट्टी निघाली की ते स्वतः वाचतील.

ता. क. ३: काका, दमयंतीआत्या. एक्याण्णव साली, पोटात आठ महिन्यांचं बाळ, अंगात कावीळ, याच घरात. तुम्ही तिला दवाखान्यात न्यायला जीपवाल्याला सांगून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी तुम्ही अंगणातून विचारायचात, "सुनू, किती झाली गो?" आणि मी शाळेची फूटपट्टी तिच्या माळेला लावून सांगायची, आज तीन बोटं वाढली. मग तुम्ही जीपवाल्याला उद्या बघू म्हणायचात. मी दहा वर्षांची होते आणि मला ते काम आवडायचं, कारण माझं उत्तर ऐकून सगळ्यांचे चेहरे सैल व्हायचे. तिच्या शेवटच्या संध्याकाळी माळ वाढली नव्हती. मी तरी दोन बोटं सांगितली.

तुमच्या बहिणीबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत. हे तुम्हाला माहीत नव्हतं की माहीत असून गप्प राहिलात, ते मी विचारत नाही. वरची सगळी पानं तुमच्यावर रागावलेली आहेत, त्यातला निम्मा राग तुमचा नव्हे.

भार्गवीचा पहिला रिपोर्ट चांगला आला आहे. पण ही कावीळ उगवायला महिना-दीड महिना घेते, म्हणून पुन्हा तपासायचं आहे. रोज सकाळी मी तिला खिडकीशी उभी करून डोळे बघते. मला ते पांढरे दिसतात. पण या बाबतीत माझ्या सांगण्यावर विसंबू नये. तुमच्या नव्या डोळ्याने तुम्ही एकदा येऊन बघा.