माझी नाजूक तब्येत

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय, कारण समोर बसलं की तुम्ही मधेच बोलायला लागता आणि माझं राहून जातं.

मेडिकलची जागा सोडून मी सप्लाय चेन शिकायला गेले, त्याला अकरा वर्षं झाली. "म्हणजे शेवटी हमालीच ना?" हे तुमचं वाक्य मात्र कालचं वाटतं. शेजाऱ्यांना तुम्ही सांगता, मुलगी औषध कंपनीत आहे. त्यांना वाटतं, मी प्रयोगशाळेत असते. मी गोदामात असते, हे तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. मुख्याध्यापकांची मुलगी दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालते, याची तुम्हाला लाज वाटते. मला नाही वाटत.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. गेल्या उन्हाळ्यात इन्सुलिनच्या गाडीचं कूलिंग भर दुपारी बंद पडलं. आत चारशे खोकी. आइस्क्रीमवाला जागा द्यायला तयार होता, पण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. शेवटी एका डेअरीच्या मॅनेजरला फोनवर इतकं पिडलं, की त्याने दह्याची खोली रिकामी करून दिली. आमच्या फोर्कलिफ्टवाल्याने, ज्याला सगळे कप्तान म्हणतात, आणि मी शेवटची खोकी हातानेच उतरवली. एकही वाया गेलं नाही. अंग आंबून गेलं होतं, पण मी आयुष्यात बरोबर जागी आलेय, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. संध्याकाळी तुम्हाला सांगायला बसले. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

तेही गिळलं. पुढे कंपनीने बंदरावर नवं शीतगृह बांधलं आणि ते मी सांभाळणार, असं साहेबांनी सांगितलं. मग अचानक ते माझ्याहून चार वर्षं मागे असलेल्या माणसाला दिलं. मी कित्येक दिवस स्वतःतच खोट शोधत होते. तुम्ही जेवताना म्हणालात, "जाऊ दे, तुझ्या भल्याचंच झालं." तरी माझी ट्यूब पेटली नाही.

गेल्या महिन्यात साहेब निवृत्त झाले आणि जाता जाता बोलून गेले. तुम्ही त्यांना भेटला होतात. मुलीला दमा आहे, थंडीतलं काम झेपायचं नाही, स्वतः सांगायला लाजते, असं सांगून आलात. मला दमा कधी झाला, बाबा? खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करायचात तुम्ही. महिनाभर मी तुमच्याशी हो-नाहीपलीकडे बोलले नाही, तेही तुमच्या लक्षात आलं नाही.

मी राजीनामा दिलाय. दुसऱ्या एका कंपनीने मला त्यांचं शीतगृह दिलंय, दूरच्या बंदरावर. रविवारी निघते. स्टेशनवर येऊ नका. नवा पत्ता फक्त आईकडे आहे, आणि तो तुम्हाला द्यायचा नाही, असं आमचं ठरलंय. मला वाटलं होतं, तयार व्हायला तिला वेळ लागेल. नाही लागला.

तुमचीच,
ठणठणीत लेक