पट्ट्याचा दोष

९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र परवा पोचलं. आईचा गुडघा बरा आहे, दादा आता डाव्या हाताने चमचा धरतो, वाचून बरं वाटलं. मी ठीक. कारखाना चालू आहे, माझी प्रथमोपचाराची खोलीही जिथल्या तिथे आहे. कुणाचं बोट कापतं, कुणाला चक्कर येते, दिवस जातो.

तू लिहिलंस, ‘दर रविवारी येऊन त्यांचं बीपी तूच बघ. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.’ ते वाचल्यापासून घास गोड लागत नाही. मी येणार नाही, वहिनी. का, ते सांगते.

दादा दर वर्षी तपासणीला माझ्याच खोलीत यायचा. क्रेन चालवणाऱ्यांचा फॉर्म मी भरायचा आणि डॉक्टरांनी खाली सही ठोकायची, अशी इथली रीत. तीन वर्षांपूर्वी त्याचं वजन एकशे अठरा किलो भरलं. “काडे, काटा बिघडलाय तुझा,” म्हणाला. काडी आणि ओंडका, ही आमची लहानपणापासूनची जोडी. मग बीपी घेतलं. वरचा आकडा एकशे शहात्तर.

त्याचा चेहरा उतरला. “हे लिहिलंस तर मला गोदामात बसवतील. वीस वर्षं वर काढली मी. खाली बसून काय करू गं?”

आमच्याकडचा बीपीचा मोठा पट्टा फाटला होता. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगून येतो, हे खरंच आहे. मी तेच धरून बसले. म्हटलं, पट्ट्याचा दोष, आणि एकशे अडतीस लिहून टाकलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. नवा मोठा पट्टा मागवायला एक अर्ज पुरला असता. तो मी केला नाही. खरा आकडा मला बघायचाच नव्हता.

वजन वाढलं की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, तो दाब सोसून रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होत जातात, हे मी भिंतीवरच्या चित्रावर काठी ठेवून साऱ्या कामगारांना शिकवते. सख्ख्या भावाला मात्र “थोडं कमी जेव” म्हणून हसत परत पाठवलं. त्याला तेव्हाच गोळी सुरू व्हायला हवी होती.

पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी दवाखान्यात मोठा पट्टा होता. आकडा आला एकशे चौऱ्याण्णव.

तिथेच, सगळ्यांसमोर, आई तुला म्हणाली, “तूच चारून चारून माझ्या पोराची ही दशा केलीस.” तू मान खाली घातलीस. मी शेजारी उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. दादाची वाचा गेली, म्हणून मला त्या दिवशी हायसं वाटलं. खरं आहे ते. आता तो ‘पाणी’ म्हणतो असं तू कळवलंस, तेव्हाही आधी मनात आलं, आता तो आकड्याचं सांगेल.

त्याचं बीपी तिथल्या नर्सकडून बघून घे. मोठाच पट्टा माग. गोळी एक दिवसही चुकवू नकोस.

आणि हे पत्र जाळू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, मला सांभाळून घेशील. तसं करू नकोस. आई ज्यांच्यासमोर तुला बोलली, त्या सगळ्यांना बसवून तिला हे मोठ्याने वाचून दाखव.

दादाची गुन्हेगार, तुझी त्याहून मोठी,

काडी