वाटणीतला कुत्रा

बा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नको. तू गेल्याला चाळीस वर्षं होत आली आणि मी आता कागद घेऊन बसलो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, ओळ खाली उतरते. पण मागच्या आठवड्यात मोठ्या भावानं खाटेवर पडल्या पडल्या एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. ती तुलाच विचारायची आहे, दुसऱ्या कोणाला विचारू?

आपला भुरा कुत्रा तुला आठवत असेल. पिल्लू होता तेव्हा तूच माझ्या पुढ्यात आणून ठेवलास, आणि साखरखेर्ड्याच्या बाजारातून पत्र्याची शिट्टी आणून दिलीस. मी तेव्हा लग्न झालेला गडी होतो, पण तुझ्या हातून मला मिळालेली ती पहिलीच वस्तू. सुरुवातीला नुसती शिट्टी वाजवायची आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. मग बांधाआड लपून वाजवायची, म्हणजे मी दिसत नसलो तरी तो यायला शिकेल. एक लांब म्हणजे माझ्याकडे ये, दोन आखूड म्हणजे मेंढरं वळव. दोन पावसाळे त्यात गेले. उंद्रीच्या शिवारात कळप पसरला आहे, मी टेकाडावर उभा आहे, दोनदा फुंकतो आणि तो जमिनीला पोट लावून कडेकडेनं धावत सुटतो. डोळे मिटले की आजही हेच दिसतं. लांडग्याच्या धास्तीनं मी उगाचच फुंकत राहायचो हे खरं आहे. "इतली काऊन वाजवतं बे? त्याले काम सांग, तुहा घोर नको सांगू," असं तू एकदा सगळ्यांदेखत म्हणालास आणि काका हसला. मला वाटलं, बा शिकवतो आहे.

मग आम्हा भावांची वाटणी झाली. मेंढरं वाटली, भांडी, घोंगड्या वाटल्या. कुत्रा वाटता येत नाही, म्हणून आपल्यातली रीत अशी की त्याला नाल्याच्या कोरड्या वाळूत मधोमध सोडायचं, भावांनी दोन काठांवर उभं राहायचं, ज्याच्याकडे जाईल त्याचा. मी एक लांब फुंकली, तो माझ्याकडे निघाला. अर्ध्यात थांबला, कान टवकारले, मागं वळला. मी श्वास संपेपर्यंत फुंकत राहिलो. तो मोठ्याच्या पायाशी जाऊन बसला. काका म्हणाला, "शिट्टी तुही अन् कुत्रं त्याचं. जमलं लेका तुहं." त्याच हिवाळ्यात लांडग्यानं माझी कोकरं नेली. उरलेली मेंढरं मी काढून टाकली आणि चिखलीला जिनिंगमध्ये कापूस वाहायला लागलो. मेंढपाळाच्या पोटी जन्मून मी मेंढपाळ राहिलो नाही.

आता मोठा सांगतो, त्या दिवशी त्यानं कुत्र्याला हाक मारलीच नव्हती. "बा माह्या मांगं बोरीच्या झुडपाआड होता. त्यानं ओठानं शीळ घातली. तुह्या शिट्टीत तुले आयकू नाही आली." मी बाजाराला गेलो की तू माझ्याच कुत्र्याला भाकर देऊन ती शीळ शिकवायचास, हेही त्यानं सांगितलं. काऊन, म्हणून विचारलं, तर म्हणे, "बा म्हणे, धाकल्याजवळ जनावर भेकाड होईन." बा, हे तू माझ्या तोंडावर बोलला असतास तर मी स्वतः दोरी धरून कुत्रा मोठ्याच्या दारात नेऊन बांधला असता. पण तू मला भाऊबंदांसमोर काठावर उभं केलंस, रीत आहे म्हणालास, आणि झुडपामागं जाऊन बसलास. बापानं असं करायचं असतं का?

मोठ्याच्या मनात इतकी वर्षं वेगळंच होतं. कुत्रा चौथ्या दिवशी दावं तोडून पळाला, तो मी लपवून ठेवला असं त्याला वाटतं. "खरं सांग, तुह्याकडंच आलता ना?" असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. तुझ्याशी मात्र खोटं बोलवत नाही. तो आला होता. सकाळी दार उघडलं तर गळ्यात तुटलेलं दावं, शेपूट हलवत उभा. यानंच मला सोडलं असं माझ्या डोक्यात होतं. मी दगड मारला. मागच्या पायाला लागला. तो ओरडला नाही, थोडा लांब जाऊन बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी दुसरा दगड उचलला तेव्हा उठला आणि लंगडत घाटाकडे गेला.

हे पत्र कुठं टाकायचं मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. मोठा म्हणतो, तू आठवडाभर घाटात त्याला शोधत फिरलास आणि परत आल्यावर कोणाशी बोलला नाहीस. तुला तो सापडला होता का, एवढंच सांग. चालत होता का. माझंही आता फार राहिलं नाही, बा, लवकर कळव.