बॉनेटखाली सापडलेल्या नऊवारीबद्दल

गेवराई, बुधवार

चि. त्रिंबक,

अक्काचे आशीर्वाद. तुझ्या मंगलच्या गुडघेदुखीला आता उतार पडला असेल. तुझ्या रक्तदाबाची चौकशी करत नाही, परवा फोनवर तो मला स्पष्ट ऐकू आला. मी ठीक आहे, तुझी लेक संस्कृती माझ्याहून ठीक आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून हे पत्र. कागदाच्या मध्ये तुला तोंड घालता येणार नाही.

तू ओरडलास, "अक्का, शिकायला ठेवली होती पोरगी तुझ्याकडं, अन् पेपरात फोटो कसला? नऊवारी नेसून गाडीच्या बॉनेटात मुंडकं! दुकानात गिऱ्हाईक युरियाच्या आधी तिचंच विचारतंय!" आणि म्हणालास की येत्या रविवारी येऊन तिला लातूरला न्यायचं आणि डॉक्टरकीच्या क्लासला नाव घालून टाकायचं, दहावीचा पेपर व्हायच्या आधीच. बाप आहेस, ने. पण ती नऊवारीत का होती आणि बॉनेटात का होती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लाज वाटायचीच असेल तर पहिलीची वाटायला हवी.

शाळेने ‘हाताने करा, व्यवसाय ओळखा’ असा दिवस ठरवला. मला समितीवर घेतलं (टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, इंग्रजी फाडणारी बाई समितीवर शोभते म्हणून, माझं ऐकायचं असतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही). बेत चांगला होता. नर्सबाई रक्तदाब मोजायला शिकवणार, सुतार रंधा हातात देणार, आणि हायवेवरच्या युसूफभाईंची उज्मा, जिने डिप्लोमा करून बापाचं गॅरेज चालवायला घेतलं आहे, ती एक जुनं इंजिन आणून मुलांकडून उघडवणार. संस्कृती आठवडाभर त्या इंजिनाखेरीज दुसरं बोलली नाही. जेवताना एकदा वरणात बोट बुडवून तिने मला पिस्टन कसा चालतो ते ताटात काढून दाखवलं.

पण आपल्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होतं का? प्रमुख पाहुण्यांना शाल हवी. मग संस्थाचालकांना हवी. मग पाहुण्यांचे मेहुणे सहज आले होते, तेही उघड्या खांद्याने कसे परत जातील? फेटे बांधणारा एकच आणि डोकी वाढतच चाललेली. सोफ्यांना जागा पुरेना म्हणून सुताराचं टेबल उचललं, मग नर्सबाईंचं. उज्माला सांगितलं, "ताई, ते इंजिन जरा गाड्या लावतात तिकडं ठेवा, स्टेजला काळं लागंल." मुलं मांडी घालून टाळ्या वाजवत बसली. हाताने करा म्हणजे टाळ्या, असा अर्थ निघाला. आणि मुली? मुलींना आदल्या दिवशीच नऊवारी आणायला सांगितली होती. शाल-नारळाची तबकं धरून उभं राहायचं आणि येणाऱ्याला ओवाळायचं! त्रिंबक, आपल्या अण्णांनी मला औरंगाबादला नन्सच्या शाळेत घातलं. तिथे सिस्टर अगाथाने आम्हाला पाहुण्यांसमोर ट्रे न हिंदकळता कसा धरायचा ते शिकवलं होतं. इतक्या वर्षांनी तुझ्या लेकीला तोच अभ्यासक्रम मिळाला, फक्त ट्रेमध्ये नारळ आला.

मी उठले आणि माइकसमोर जाऊन विचारलं की मुलांनी आतापर्यंत हाताने काय केलं. त्यावर निवेदकाने काय करावं? "आपल्या ज्येष्ठ मार्गदर्शक बाईंचाही सत्कार राहिला!" म्हणून मलाच फेटा बांधला! पांढऱ्या केसांवर केशरी फेटा आणि हातात नारळ, अशा अवस्थेत भांडता येत नाही रे. मी खाली उतरले, संस्कृतीच्या हातातलं तबक काढून निवेदकाच्या हातात दिलं आणि तिला घेऊन उज्माकडे गेले.

तिथे पाहुण्यांचा ड्रायव्हर उज्माला म्हणत होता, "गाडी सुरू व्हायला लई कुरकुर करतीया, बघा की जरा." जुनं इंजिन टेम्पोतून उतरवायला माणसं नव्हती (सगळी फेट्यात). उज्मा म्हणाली, "चल संस्कृती, हीच उघडू." परवानगी कोणी दिली असं तू विचारलंस. ड्रायव्हरने दिली, आणि फेटेवाली म्हणून मीही दिली.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती. संस्कृतीने पाना लावून ती टोकं सोडली, घासून लख्ख केली. तेवढ्यात पाहुणे भाषण उरकून आले, मागे सगळा शालींचा लवाजमा. "ए पोरी, बंद कर ते. मला उशीर व्हायलाय." तुझी लेक वरसुद्धा न बघता म्हणाली, "साहेब, दोन मिनटं थांबा. ढिलं राहिलं तर मांजरसुंब्याच्या घाटात उतरून ढकलावं लागंल." आणि ते थांबले, त्रिंबक! नट आवळला जाईपर्यंत सगळे गप्प उभे राहिले. फोटो त्या क्षणाचा आहे. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, तेव्हा ती उज्माकडे बघून हसली. ते हसू फोटोत नाही. दहावीच्या वर्षभरात मी ते घरात पाहिलेलं नाही.

मी तिची वकिली करत नाही. मला फक्त चीड आली आहे, ती कुठेतरी ठेवायची होती. मंगलला आशीर्वाद सांगायचे राहत होते, सांग.

तुझी,
अक्का

ता. क. रविवारी ये, पण तिला घेऊन लातूरची गाडी नको धरू. बीडच्या पॉलिटेक्निकची चौकशी मी करून ठेवली आहे, दहावीनंतर ऑटोमोबाईलला मुली घेतात. तिला स्वतःला तुला सांगायचं धाडस होत नाही. बॅटरीला हात घालायचं होतं, बापापुढे तोंड उघडायचं होत नाही. म्हणून तू तिला विचार, आणि उत्तर देईपर्यंत त्या पाहुण्यासारखा गप्प उभा राहा. एवढंच मागणं आहे, वरचं सगळं त्यासाठी लिहिलं.

ता. क. २. येताना तिला गाडी उघडताना घालायला तुझी जुनी पँट आण. नऊवारी मंगलची होती, ग्रीसने काळी झाली, तिचं आता काही होणार नाही.

ता. क. ३. तुला स्टँडवर घ्यायला येता येणार नाही, रिक्षाने ये. काल संस्कृतीने माझी स्कूटर उघडली आणि परत जोडली, त्यात एक नट उरला आहे. ती म्हणते, तो मुळातच जास्तीचा होता.