एकावर एक दोन मॅट

मंगळवार, ९ जून

प्रिय दादा,

तुम्ही तिघंही ठणठणीत असाल असं धरून चालते. वहिनीला माझी आठवण सांग, आणि लेकीची परीक्षा संपली असेल तर तिला म्हणावं, आत्याला एक फोन कर, फुकट असतो.

आम्ही बरे आहोत. आईचं खुब्याचं दुखणं आता गार हवेपुरतंच उरलंय. काठी ती चालण्यासाठी कमी आणि मुद्दा ठासून सांगण्यासाठी जास्त वापरते. काल बसल्या जागेवरून काठीने पंख्याचं बटण दाबलं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी टाळ्याच वाजवायला हव्यात. बाबांचं नेहमीचं. रोज सकाळी गाडी पुसणं. अकरा वर्षांची झाली, पण शेजाऱ्यांना अजून सांगतात, 'एकदाही रस्त्यात सोडलं नाही तिने.' शेजारी आता त्यांना लांबून बघूनच रस्ता ओलांडतात.

तू म्हणशील, रविवारी अकराला फोन करतोच की, मग पत्र कशाला? फोन आईच्या हातात असतो, स्पीकरवर असतो, आणि बरोबर अकरा वाजता बाबांना अंघोळ आठवते. शिवाय बोलताना मी वाक्य फिरवते. लिहिताना फिरवलेलं वाक्य निदान कागदावर दिसतं तरी. आतापर्यंतची सगळी वाक्यं फिरवलेलीच आहेत, हेही मला दिसतंय.

तर गेल्या महिन्यात मला अनुवादाचं एक काम मिळालं. हसू नकोस, बाबांच्या गाडीच्याच कंपनीचं. नवी गाडी घेतल्यावर जे जाडजूड मॅन्युअल मिळतं ते आपल्या भाषेत आणायचं, आणि सोबत कंपनीच्या इतिहासाची वीसेक पानं. बाबा इतके हरखले की मानपत्र त्यांनाच मिळालं असं वाटावं. म्हणाले, "एक चूक करू नकोस. जपान्यांना चूक चालत नाही."

गंमत अशी, की इतिहास वाचायला घेतला तर तो चुकांनीच भरलेला. मूळ पुरुष सुताराचा मुलगा. आईचे मागावरचे कष्ट बघून त्याने माग सुधारायला घेतला. पुढे त्याने असा माग केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. त्याच्या मुलाने मोटारी काढल्या, तर पहिले ट्रक इतके बंद पडायचे की कंपनीची माणसं मागोमाग दुरुस्तीला धावायची. पुढे मोठ्या हौसेने परदेशी धाडलेली मोटार तिथल्या लांब, वेगवान रस्त्यांवर धापा टाकायला लागली. हे बाबांना वाचून दाखवलं, तर चष्मा काढून म्हणाले, "हे छापायची काय गरज होती?"

पण मला वाटतं, भरवशाचं नाव त्यांनी तिथूनच कमावलं. त्यांच्या कारखान्यात कामाच्या रांगेवर एक दोरी असते. कुठलाही कामगार, अगदी कालपरवा लागलेलासुद्धा, काही चुकतंय असं वाटलं तर ती ओढून सगळं काम थांबवू शकतो. ओढली म्हणून त्याला कुणी बोलत नाही. दिसत असून ओढली नाही, तर मात्र चूक त्याची. त्या परिच्छेदावर मी दोन दिवस अडकले होते. अनुवाद अवघड नव्हता.

परवा ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटचं पान आलं. त्यातलं वाक्य तुला जसंच्या तसं देते: 'एका मॅटवर दुसरी मॅट कधीही घालू नये. वरची मॅट सरकून पेडलच्या हालचालीत अडथळा येऊ शकतो.'

दादा, तुला ती सकाळ मी सांगावी हा उद्धटपणा आहे. पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सात वर्षांपूर्वी तू आईला डोळे तपासायला घेऊन निघाला होतास. उताराच्या वळणावर गाडी थांबली नाही आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गेली. आईचा खुबा मोडला. तू एकच वाक्य म्हणत राहिलास, "मी ब्रेक दाबला, तो खाली गेलाच नाही." चौथ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांनी गाडी तपासून सांगितलं, ब्रेक उत्तम आहेत. आणि बाबा सगळ्यांसमोर बोलले ते बोललेच. "ही गाडी खोटं बोलत नाही. खोटं माणसं बोलतात." दोन महिन्यांत तू बदली मागून घेतलीस.

आता जे या सगळ्यात नव्हतं ते.

आपल्या घरची रीत आठव. गाडी नवी राहावी म्हणून सीटवर चार वर्षं प्लॅस्टिक. बसण्यापूर्वी पाय झटकायचे. मूळ मॅट मळू नयेत म्हणून त्यांच्यावर जाड रबरी मॅट. त्या रबरी मॅट मी आणल्या होत्या. माझ्या पहिल्या मोठ्या कामाच्या पैशांतून, बाबांना भेट म्हणून. ड्रायव्हरच्या बाजूची मी स्वतः अंथरली आणि हाताने सपाट केली. बाबा म्हणाले होते, "ही शहाणी."

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी आईचा चष्मा आणायला मी गॅरेजात गेले. काका जेवायला गेले होते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं तर रबरी मॅट पुढे सरकलेली होती. तिची पुढची कड दुमडून ब्रेकच्या पेडलखाली गेली होती. मी ती ओढून काढली. ओढायला जोर लागला. तो जोर हाताला अजून आठवतो. मग मॅटची गुंडाळी केली, घरी नेली, धुतली आणि वाळत घातली. काकांनी गाडी तपासली ती दुसऱ्या दिवशी.

मला तेव्हा कळलं होतं का? सात वर्षं मी स्वतःला सांगत आले की नाही. घरात आईचं ऑपरेशन होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, चिखल दिसला म्हणून धुतली. परवा ते पान अनुवादून झालं आणि मी त्या वर्षाची डायरी काढली. त्या दिवशी लिहिलंय, 'आईचा चष्मा, छत्री, मॅट आणली. मॅट धुतली.' आणि मध्ये चार शब्द खोडलेत. उजेडासमोर धरून वाचले. 'पेडलखाली दुमडून अडकली होती.'

डायरीत मी शब्द खोडत नाही, तुला माहीत आहे. चुकलेलं असलं तरी तसंच ठेवते. पंचवीस वर्षांत ते चारच खोडलेत.

त्या इतिहासात असंही लिहिलंय, की काही बिघडलं तर पाच वेळा 'का' विचारावं. मी विचारून पाहिलं. का खोडले? बाबांनी वाचले तर, म्हणून. बाबा माझी डायरी वाचतात का? नाही. मग का? इथे माझं उत्तर संपतं. बाबा मला शहाणी म्हणाले होते आणि तुला काय म्हणाले ते मी ऐकलं होतं, एवढंच मला माहीत आहे.

आई मागे एकदा म्हणाली, की तू अजून गाडी चालवत नाहीस. तू तिला म्हणाला होतास, "कदाचित मीच चुकीच्या पेडलवर पाय ठेवला असेल, मला आता नक्की सांगता येत नाही." हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. घासलेलीच भांडी.

तुझा पाय चुकला नव्हता. तू ब्रेकच दाबला होतास. तो खाली गेला नाही, कारण खाली माझी मॅट होती.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं असं वाटलं. की हाही एक बहाणा? असो. उद्या हे पत्र पेटीत टाकीन आणि तिथून सरळ घरी येऊन बाबांना सांगेन. पत्र गेलं की मला मागे फिरता येणार नाही, म्हणून हा क्रम.

तुझी बहीण


मंगळवार, १६ जून

प्रिय दादा,

तू शुक्रवारी, अवेळी, आईला फोन केलास आणि मी घरी नव्हते. आईने मला तुमचं बोलणं तीन वेळा सांगितलं, तीन प्रकारे. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. तू विचारलंस, "मॅटची कुठली कड दुमडली होती?" पुढची, दादा. पुढची, उजवीकडची.

तू विचारलंस की बाबा काय म्हणाले. लिहिते.

मी पेटीवरून आले तेव्हा ते बाल्कनीत दाराच्या बिजागरीला तेल देत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, डायरीसकट. त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली आणि विचारलं, "ती मॅट आहे?"

"माळ्यावर आहे."

"काढ."

आम्ही खाली गेलो. त्यांनी मॅट मूळ मॅटवर अंथरली, पायाने पुढे सारली, कड पेडलखाली दुमडली. मला म्हणाले, "बस. गाडी चालू नाही करायची. दाब."

"दाबतेय."

"अजून."

"जात नाही, बाबा."

"नीट दाब, भाजी निवडतेयस का?"

"बाबा, जातच नाहीये!"

मग ते स्वतः बसले. एकदा दाबला. कड सरळ केली, पुन्हा दाबला. परत दुमडली आणि दाबला. असं किती वेळा, मी मोजलं नाही. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका खिडकीतून म्हणाले, "काय हो, शेवटी बिघडली का?" बाबा म्हणाले, "गाडी नाही." एवढंच.

मग डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्यांनी मॅन्युअल काढलं. अकरा वर्षं ते कंपनीच्या प्लॅस्टिक पिशवीतच होतं, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. मळू नये म्हणून. पट्टी नखाने सोडवत म्हणाले, "पान कितवं?" मी शोधून दिलं. त्यांनी ते वाचलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

मला वाटलं, आता माझी पाळी. तशी तयारीही होती. पण ते म्हणाले, "तू तीन दिवसांनी बघितलंस. मी तर बघायलाच गेलो नाही." मी म्हणाले की माझं जास्त चुकलं, कारण मला दिसलं होतं. ते म्हणाले, "वाटणी नको करूस." त्यांनी मला माफ केलं की फक्त थकले होते, मला कळलं नाही. विचारलंही नाही. प्रत्येक गोष्टीचा निकाल त्याच दिवशी लागायला हवा हा माझा हट्ट मी सोडून पाहतेय.

आई वर वाट बघत होती. सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाली, "सात वर्षं सांगतेय, पोरगा खोटं बोलत नाही. मी शेजारी बसले होते, त्याचा पाय बघितला होता. पण तुमच्यासाठी मी त्या गाडीपेक्षा कमी भरवशाची!" बाबा म्हणाले, "हो, चुकलं." आई इतकी चकित झाली की तिचं पुढचं भांडणच राहून गेलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, म्हणते. माझ्यावर ती चिडली आहे, दोन दिवस मला चहा विचारला नाही, तिसऱ्या दिवशी विचारला. ते मला बरं वाटलं, दोन्ही.

दादा, एक कबूल करू? मला फार हलकं वाटतंय. इतकं हलकं वाटायचा मला हक्क आहे का, हे रोज डायरीत विचारते आणि तरी रात्री गाढ झोपते. घरातली हवाही बदललीय. बाबांनी परवा गाडी पुसली नाही. काल पुसली, पण शिटी वाजवत.

आणि रविवारी अकरा वाजता ते कोरड्या अंगाने फोनजवळ बसून होते, हे तुला आवाजावरून कळलंच असेल. "कसा आहेस" आणि "पाऊसपाणी" यापलीकडे तुम्ही दोघं गेला नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितलं, "मला फोनवर जमत नाही. तू लिही त्याला. शनिवारी ये म्हणावं. स्टँडवर मी गाडी घेऊन येतो. तिथून घरापर्यंत त्याने चालवायची." मग चष्मा पुसत, "त्याच उतारावरून. त्याची तयारी असेल तर. नसेल तर मी चालवीन, काही बोलणार नाही."

वहिनीने सांगितलं, की पत्र वाचल्यावर तू संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गाडीत चालकाच्या जागी जाऊन बसलास. किल्ली न लावता, अर्धा तास. ती तुला हाक मारायला गेली नाही. मी बाबांना हे सांगितलेलं नाही. ते तुझं आहे.

शनिवारची तयारी सुरू झालीय. दोन्ही मॅट बाबांनी काढून टाकल्या, मूळचीसुद्धा. आता पाय थेट गाडीच्या तळाला लागतात, आणि मळलं तर मळू दे म्हणतात. मागच्या सीटवर बाबा आणि मी. बाबांना पुढे बसायचं होतं, तुझ्या शेजारी. बोलायला सोपं जातं, रस्त्याकडे बघता येतं, असं काहीतरी पुटपुटत होते. पण आईने काठी आपटली.

"पुढे मी बसणार," ती म्हणाली. "तेव्हा मीच होते त्याच्या शेजारी. आताही मीच."

माझं काय करायचं ते तू तुझ्या सवडीने ठरव. शनिवारीच ठरलं पाहिजे असं नाही.

तुझी,
शनिवारी मागच्या सीटवर गप्प बसणारी
बहीण